पांगलेल्यांची नोंदवही

वाचकहो, आपल्या घरातील एखादी जुनी ट्रंक उघडून पाहिली, तर तळाशी एखादे समूहचित्र हटकून सापडते. शाळेचे, आखाड्याचे किंवा पलटणीचे. छातीवर हातांची घडी घालून उभी राहिलेली कोवळी पोरे, पुढच्या रांगेत खुर्च्यांवर बसलेले गुरुजन, आणि खाली बारीक अक्षरांत छापलेली नावे. ज्यांच्या मालकीचे ते चित्र, त्या गृहस्थांना विचारावे की, "यांपैकी आज कोण कोठे आहे?" दोघातिघांविषयी ते उत्साहाने सांगतात; चौथ्यापाशी अडखळतात; आणि मग चित्रावरचे बोट पुढे सरकवीत हळूच म्हणतात, "याचे पुढे काय झाले, काही कळले नाही."

"काही कळले नाही" हे तीन शब्द आपण सहज बोलून जातो. परंतु ते मुकाट्याने मान्य करावयाचे नाहीत, असे ठरवून कामाला लागलेल्या काही माणसांची ही हकिगत आहे. ही माणसे म्हणजे बालवयातच सैन्याच्या कारखान्यात उमेदवारी केलेले जुने कारागीर.

ट्रेंचर्डची कार्टी

ब्रिटनचे रॉयल एअर फोर्स हे स्वतंत्र हवाई दल १ एप्रिल १९१८ रोजी स्थापन झाले. पहिले महायुद्ध संपताच त्याच्या तिजोरीला ओहोटी लागली. विमाने उडविणारे वैमानिक मिळत. पण ती विमाने उडण्याजोगी ठेवणारे फिटर, सुतार, बिनतारी यंत्रांचे जाणकार कोठून आणावयाचे? बाहेरच्या कारखान्यांत अशा हातांना अधिक मजुरी होती. हवाई दलाचे प्रमुख सर ह्यू ट्रेंचर्ड यांनी १९१९ मध्ये दलाच्या कायम घडणीचा जो आराखडा मांडला, त्यात या प्रश्नाला सरळ उत्तर होते: तयार कारागीर परवडत नसतील तर मुले घ्यावी आणि आपणच कारागीर घडवावे.

त्याप्रमाणे १९२० मध्ये पहिली मुले दाखल झाली. बराकी अपुऱ्या होत्या, म्हणून आरंभी बरेचसे शिक्षण क्रॅनवेल येथे चालले. १९२२ पासून बकिंगहॅमशायरमधील हॉल्टन हे या योजनेचे मुख्य ठाणे झाले. ही जागा मूळची आल्फ्रेड रॉथ्सचाइल्ड या धनाढ्य गृहस्थाची. त्याच्या मृत्यूनंतर सरकारने वाडा आणि भोवतालची जमीन १,१२,००० पौंडांना विकत घेतली. चिल्टर्नच्या टेकड्यांच्या कुशीत, बीच वृक्षांच्या रानालगत बराकी आणि कर्मशाळा उभ्या राहिल्या.

पंधरा-सोळा वर्षांची मुले चढाओढीची परीक्षा देऊन येथे येत. शिक्षण सामान्यतः तीन वर्षांचे. पहाटेची कवाईत, बॅण्डच्या तालावर बराकीपासून कर्मशाळेपर्यंतचा कूच, मग कानस आणि पोलादाचा तुकडा. व्हाइसमध्ये पकडलेला तो तुकडा बरोब्बर मापात उतरेपर्यंत घासावयाचा, आणि केसभर चुकला की पुन्हा पहिल्यापासून. जोडीला गणित, यंत्रशास्त्र आणि इंग्रजी यांचे वर्ग. रात्री बराकीची फरशी आरशासारखी चकचकीत करण्याची पाळी. बाहीवर वर्तुळातील चार पात्यांच्या पंख्याचे पितळी चिन्ह, आणि सर्वांना मिळून एक टोपणनाव: "ट्रेंचर्डची कार्टी". हेटाळणीने पडलेले हे नाव मुलांनी पुढे मानाच्या पदकासारखे मिरविले.

या कार्ट्यांतून काय निपजले, तेही पाहण्यासारखे आहे. उंची कमी म्हणून हॉल्टनने परत पाठविलेला एक मुलगा हट्टाने पुन्हा अर्ज करून क्रॅनवेलच्या शाखेत उमेदवार झाला. त्याचे नाव फ्रँक व्हिटल. त्याने १९३० मध्ये जेट इंजिनाचे पेटंट मागितले, आणि त्याच्या इंजिनावर चालणारे ब्रिटनचे पहिले जेट विमान १५ मे १९४१ रोजी आकाशात गेले. टॉमस ग्रे नावाच्या उमेदवाराने इंजिनांचे काम शिकून पुढे विमानात बसून लढण्याचे काम पत्करले. बेल्जियममधील आल्बर्ट कालव्यावरच्या पुलावरील हल्ल्यात १२ मे १९४० रोजी तो कामी आला, आणि त्याला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. हॉल्टनचे आणखी एक माजी उमेदवार, सर कीथ विल्यमसन, १९८२ मध्ये थेट हवाई दलाचे प्रमुख झाले.

पण अशी नावे मोजकीच. १९९३ मध्ये शेवटची, १५५ वी तुकडी बाहेर पडेपर्यंत ३५,००० हून अधिक मुले या योजनेतून गेली, आणि त्यांपैकी बहुतेकांचे नाव कोणत्याही वर्तमानपत्राने छापले नाही. पहाटेच्या थंडीत पंखाखाली उभे राहून ज्यांनी एकेक नट घट्ट केला, ती ही माणसे. त्यांची आठवण कोणी ठेवावयाची?

पलटण नसलेला सैनिक

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. पायदळाच्या सैनिकाला पलटण असते. तो तिच्यात भरती होतो, तिच्याबरोबर लढतो, आणि निवृत्तीनंतरही तिचा स्थापना-दिन त्याचा सण असतो. पलटणीच्या दप्तरात त्याचे नाव राहते. त्याच्यामागे तिच्यात नवे जवान येत राहतात.

हवाई दलातील कारागिराचे तसे नव्हे. शिक्षण संपले की तुकडीतील मुले एकेकटी बदलीवर जात. एक इजिप्तला, एक सिंगापूरला, एक भारताच्या वायव्य सरहद्दीवर, तर एक स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर. दोन-तीन वर्षांनी पुन्हा बदली, पुन्हा नवे तळ, नवे सोबती. तीस वर्षांच्या नोकरीत असा मनुष्य कित्येक स्क्वॉड्रनांत वावरतो. त्यांतल्या कोणत्या एकीला आपले घर म्हणावे?

म्हणून त्याचे मन वारंवार मागे वळते ते पंधराव्या वर्षाकडे. ज्या तुकडीबरोबर तो हॉल्टनच्या दरवाजातून आत शिरला, ती तुकडी, आणि तिचा क्रमांक, हीच त्याची पलटण. दोन माजी उमेदवार भेटले की हुद्द्याच्या आधी एकमेकांना विचारतात ते "तुमची तुकडी कोणती?" हेच. आकडा कळला की वय कळले, गुरू कळले, कोणत्या हिवाळ्यात नळ गोठले होते तेही कळले. घरापासून प्रथमच दूर झालेल्या मुलाने शेजारच्या खाटेवरच्या मुलात जो भाऊ पाहिलेला असतो, तो पुढच्या आयुष्यात पुन्हा मिळत नाही.

परंतु नाते जितके जिव्हाळ्याचे, तितकाच त्याचा धागा नाजूक. त्याला कार्यालय नाही, निशाण नाही, नव्या भरतीचा ओघ नाही. बदल्यांच्या वावटळीत पत्ते हरवतात. तो धागा धरून ठेवावयाचा, तर कोणीतरी मुद्दाम बसून यादी केली पाहिजे.

यादी करणारे हात

माजी उमेदवारांची संघटना हे काम करते. बाहेरून पाहणाऱ्यास मेळावा दिसतो: छातीवर पदके लावून जमलेली वृद्ध माणसे, बॅण्ड, भोजन. पण मेळावा हा केवळ कळस. पाया असतो तो नोंदवहीचा. प्रत्येक तुकडीमागे कोणी एकजण पुढाकार घेतो. तो नावांची यादी मांडतो, जुन्या पत्त्यांवर पत्रे धाडतो, परत आलेल्या पाकिटांची वेगळी चळत लावतो, आणि मग त्या चळतीतील एकेकाचा माग काढू लागतो. कोणाच्या बहिणीचे गाव आठवते, कोणी परदेशी स्थायिक झाल्याचे कानावर असते, कोणाचा मुलगा दूरध्वनीवर सापडतो. चाळीस वर्षांनी "अरे, तू अजून आहेस तर!" असे उत्तर येते, त्या दिवशी यादी करणाऱ्याच्या सगळ्या श्रमांचे चीज होते.

पुढचे काम वार्तापत्राचे. त्यात कोण आजारी आहे, कोणास नातू झाला, कोण एकटा पडला आहे, हे छापले जाते. एकटा पडलेल्यास दोन पत्रे अधिक जातात. आणि शेवटच्या पानावर चौकटीत, ज्यांनी इहलोकीची यात्रा संपविली त्यांची नावे, प्रत्येक नावापुढे तुकडीचा क्रमांक. त्या रकान्यात वायुसेनाधिपती आणि साधा फिटर एकाच ओळीत, एकाच टाइपात येतात.

स्मृतींची व्यवस्थाही या माणसांनी लावली आहे. हॉल्टनच्या सेंट जॉर्ज चर्चमध्ये निरनिराळ्या तुकड्यांनी रंगीत काचांच्या खिडक्या अर्पण केल्या आहेत; सूर्य फिरतो तसे तुकड्यांचे क्रमांक फरशीवर उमटत जातात. ठाण्यावरील ट्रेंचर्ड संग्रहालयात त्या काळच्या वस्तू जपल्या आहेत. १९९७ मध्ये राणी एलिझाबेथ यांच्या हस्ते उमेदवारांच्या स्मारकाचे अनावरण झाले. १९५२ मध्ये याच राणीने या शाळेला आपले निशाण बहाल केले होते. तेव्हा संचलनात उभी असलेली मुले स्मारकाच्या वेळी साठी ओलांडून गेली होती.

घटत जाणारी यादी

वाचकहो, या संघटनेपुढे एक प्रश्न उभा आहे, आणि त्याला उत्तर नाही. शाळा बंद झाली आहे. १५६ वी तुकडी कधी येणार नाही. म्हणजे नोंदवहीत नवे नाव चढणे नाही. असलेली नावे मात्र वर्षावर्षाला कमी होणार. सर्वांत धाकट्या तुकडीतील मुलांनीही आता पन्नाशी गाठली आहे. एक दिवस असा येईल की वार्तापत्र पाठवावयास कोणी उरणार नाही.

मग हा खटाटोप कशासाठी, असे एखादा व्यवहारी मनुष्य विचारील. त्याला असे सांगावेसे वाटते की, ज्या दिव्यात पुन्हा तेल पडावयाचे नाही, त्याची वात अधिक जपावी लागते. वाढत्या यादीत एक नाव गळले तर कोणास चुकत नाही. घटत्या यादीत मात्र प्रत्येक नाव मोलाचे ठरते. तुकडीतील शेवटच्या दोघांपैकी एकास दुसऱ्याचा पत्ता ठाऊक असणे, यासाठीच तर आधीच्या सगळ्यांनी वही लिहिली.

आपल्या घरी

हे सारे दूरदेशीचे म्हणून सोडून देण्यासारखे नाही. लोणावळ्याच्या डोंगरात १५ फेब्रुवारी १९४५ रोजी 'शिवाजी' हे नौदलाचे यंत्रशिक्षणाचे ठाणे सुरू झाले. आर्टिफिसर अप्रेंटिस म्हणून घेतलेल्या किती तरी मुलांनी तेथे इंजिनांचे ज्ञान मिळविले. केरळचा, पंजाबचा, बंगालचा आणि कोकणातला मुलगा एकाच बराकीत वाढला, एकमेकांच्या भाषेतील चार शिव्या आणि चार गाणी शिकला, आणि मग निरनिराळ्या जहाजांवर पांगला. त्यालाही पलटण नाही. त्याचीही ओळख बॅचच्या क्रमांकानेच. आपल्या वाचकांपैकी कित्येकांच्या घरी असा एखादा काका, मामा किंवा वडील असतील.

अशा घरांत या ओळखीचा उपयोग केवळ गप्पांपुरता नसतो. निवृत्त सैनिकाचे निधन होते, तेव्हा पत्नीपुढे कागदांचा ढीग उभा राहतो. सेवा क्रमांक कोणता, सेवामुक्तीचे पुस्तक कोठे, निवृत्तिवेतनाच्या आदेशात आपले नाव बरोबर लिहिले आहे की नाही, कुटुंब-निवृत्तिवेतनासाठी अर्ज कोणाकडे द्यावयाचा, पुढे दरवर्षी नोव्हेंबरात हयातीचा दाखला कसा भरावयाचा, यांतले तिला पुष्कळदा काहीच सांगितलेले नसते. जिल्ह्याचे सैनिक कल्याण कार्यालय मदतीसाठी आहेच. पण त्या कार्यालयाची पायरी तिच्याबरोबर चढणारा बहुधा नवऱ्याचा जुना बॅचवाला असतो. त्याला वेळेवर कळले तरच तो येणार, आणि कळणार केव्हा, तर घरात त्याचा पत्ता असेल तेव्हा.

म्हणून आज संध्याकाळी एक छोटे काम करा. घरातील जुन्या सैनिकाजवळ ते समूहचित्र घेऊन बसा. नावे विचारा, चित्राच्या मागे पेन्सिलीने लिहून ठेवा. ज्यांचे पत्ते ठाऊक आहेत ते एका वहीत उतरवा, आणि ती वही कोठे आहे ते घरातील सर्वांस सांगा. ज्याच्याविषयी "काही कळले नाही" असे उत्तर मिळेल, त्याच्या नावापुढे जागा कोरी सोडा.

मग त्यांच्यासमोर एक पोस्टकार्ड ठेवा, किंवा दूरध्वनी हाती द्या. कोरी जागा भरेलच असे नाही. पण शोध घेणारे कोणी आहे, एवढे तरी त्या पलीकडच्या माणसाला कळण्याची वेळ अजून गेलेली नसेल.