स्वतः ओढलेल्या सोंगटीचे मोल

रमीचा डाव लागला, की शेवटचा पत्ता गड्डीतून ओढला होता की आधीच्या भिडूने टाकलेला उचलला होता, याची चौकशी कोणी करीत नाही. रत्नागिरी तालुक्यातील पूर्णगडसारख्या खाडीमुखावरील गावी मे महिन्याच्या सुटीत आलेल्या चाकरमान्यांचा ओटीवरचा डाव असो, वा लोकलच्या डब्यात मांडीवरच्या बॅगेवर रंगलेला. ज्यांचे पत्ते लागले नाहीत त्यांनी आपापले गुण मोजायचे, एवढाच हिशेब. जपानी माहजाँग या खेळात मात्र हाच प्रश्न कळीचा ठरतो. जिंकणाऱ्याने शेवटची सोंगटी स्वतः ओढली की दुसऱ्याने टाकलेली घेतली, यावर कोणी किती भरायचे हे ठरते.

माहजाँगचा जन्म चीनमधला. विसाव्या शतकाच्या आरंभी तो जपानमध्ये पोहोचला आणि तेथे त्याने स्वतःचे नियम घडविले. खेळाची रचना रमी जाणणाऱ्यास परकी वाटणार नाही. खेळाडू चार, सोंगट्या १३६. सोंगट्यांचे प्रकार ३४ आणि प्रत्येक प्रकाराच्या चार. वर्तुळे, बांबू आणि चिनी अंक अशा तीन रंगांत एक ते नऊ. शिवाय चार दिशांचे वारे आणि तीन ‘ड्रॅगन’. प्रत्येकाच्या हाती १३ सोंगट्या असतात. पाळी आली की रचलेल्या भिंतीतून एक ओढायची आणि एक टाकायची. ओळीने तीन किंवा सारख्या तीन असे चार संच आणि एक जोडी, अशा १४ सोंगट्या जुळल्या की डाव लागला.

ही चौदावी सोंगटी दोन वाटांनी येते. भिंतीतून स्वतः ओढली तर त्या विजयाला ‘त्सुमो’ म्हणतात. दुसऱ्याने टाकलेली घेतली तर ‘रोन’. रमीत टाकलेला पत्ता फक्त पुढच्या भिडूलाच उचलता येतो. येथे मात्र जिंकण्यासाठी तिघांपैकी कोणाचीही सोंगटी घेता येते. रोन झाल्यास सारी भरपाई ती सोंगटी टाकणाऱ्या एकट्याने करायची. उरलेले दोघे सुटतात. त्सुमो झाल्यास तिघांनाही भरावे लागते. त्यातही त्या डावाच्या प्रमुखाला, ज्याला जपानी खेळाडू ‘ओया’ म्हणजे पालक म्हणतात, दुप्पट वाटा पडतो. आठ हजार गुणांचा हात त्सुमोने लागला, तर ओया चार हजार आणि इतर दोघे प्रत्येकी दोन हजार देतात. ओया स्वतः जिंकला तर त्याला दीडपट, म्हणजे बारा हजार मिळतात आणि तिघेही प्रत्येकी चार हजार मोजतात.

त्सुमोला आणखी एक मान आहे. जपानी माहजाँगमध्ये सोंगट्या नुसत्या जुळून भागत नाही. हातात ‘याकू’ म्हणजे नियमांनी मान्य केलेले किमान एक वैशिष्ट्य असावे लागते. दुसऱ्याची एकही सोंगटी न उचलता जपलेला हात स्वतःच्या ओढीने पूर्ण झाला, तर ते स्वावलंबनच एक याकू मानले जाते. दुसरे काही नसले तरी तेवढ्यावर जिंकता येते आणि असले तर किंमत वाढते. उदाहरणार्थ, हात पूर्ण होण्यास एक सोंगटी उरली असता एक हजार गुणांची काडी पटावर ठेवून ‘रिची’ पुकारता येते. अशी रिची आणि ‘पिन्फू’ नावाचा साधा याकू असलेल्या हाताला, जिंकणारा ओया नसेल तर, रोनने दोन हजार गुण मिळतात. तोच हात त्सुमोने लागला तर सातशे, सातशे आणि तेराशे असे सत्ताविसशे हाती येतात.

या खेळातला सर्वांत बोलका नियम ‘फुरितेन’ हा होय. टाकलेल्या सोंगट्या प्रत्येकाने आपल्यापुढे क्रमाने मांडायच्या असतात. ज्या सोंगट्यांनी आपला हात पूर्ण होऊ शकतो, त्यांपैकी एखादी आपणच पूर्वी टाकली असेल, तर दुसऱ्याने टाकलेल्या सोंगटीवर जिंकण्याचा हक्क राहत नाही. एकदा नाकारलेली वस्तू दुसऱ्याकडून मागता येत नाही. स्वतःच्या हाताने पुन्हा ओढली तरच ती आपली. या नियमामुळे बचावाला आधार मिळतो. प्रतिस्पर्ध्याने जी सोंगटी स्वतः टाकली आहे, ती त्याच्यापुढे टाकण्यात धोका नाही, हे प्रत्येकाला पटावर दिसत असते.

परंतु हा बचाव केवळ रोनपुरता. एखाद्याने रिची पुकारल्यावर दुसरा खेळाडू आपला चांगला हात मोडून सावधपणे निर्धोक सोंगट्या टाकू लागला आणि तरीही पहिल्याने हवी ती सोंगटी भिंतीतून ओढली, तर या सावध खेळाडूलाही आपला वाटा चुकत नाही. चूक एकही नाही, तरी भरपाई आहेच! नवख्याला हा अन्याय वाटतो. जाणता खेळाडू त्याच्याकडे खर्चाची एक बाब म्हणून पाहतो. रोनचे आठ हजार एकट्याने भरण्यापेक्षा त्सुमोचे दोन हजार भरणे केव्हाही सोसण्याजोगे, हे त्याचे गणित.

शेवटच्या डावात हे गणित अधिक धारदार होते. समजा, आपण पहिल्या क्रमांकापेक्षा अकरा हजारांनी मागे आहोत, आपण ओया नाही आणि हाताची किंमत आठ हजार आहे. आघाडीवरच्या खेळाडूनेच सोंगटी टाकली तर अंतर सोळा हजारांनी तुटते. तिसऱ्याने टाकली तर केवळ आठ हजारांनी. त्सुमो झाल्यास, आघाडीवरचा ओया असेल तर अंतर बारा हजारांनी घटून बाजी उलटते. नसेल तर दहा हजारांनीच घटते आणि विजय एका हजाराने निसटतो. हात तोच, सोंगटीही तीच. पण ती कोठून आली यावर निकाल फिरतो.

मग त्सुमो हे निव्वळ नशीब म्हणायचे काय? सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये रमीला कौशल्याचा खेळ ठरविले, ते पडलेले पत्ते लक्षात ठेवावे लागतात आणि कोणता राखायचा, कोणता टाकायचा यात कौशल्य लागते, या कारणाने. (पैसे लावून ऑनलाइन खेळण्यास २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंदी घातली, ती मात्र कौशल्य आणि नशीब असा भेद न करता.) न्यायालयाचा तो युक्तिवाद येथेही लागू पडतो. भिंतीतल्या १४ सोंगट्या राखीव ठेवल्यावर ओढायला ७० उरतात, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला सतरा-अठरा पाळ्या. हाती चार-पाच असताना तीन किंवा सहा चालत असेल, तर अनुकूल सोंगट्या जास्तीत जास्त आठ. चार-सहा धरून पाचाची वाट पाहिली तर चारच. त्यांतूनही पटावर दिसणाऱ्या वजा कराव्या लागतात. कोणती सोंगटी येईल हे हाती नसते. किती सोंगट्या चालतील हे असते. मायक्रोसॉफ्टच्या ‘सुफेक्स’ या संगणकीय खेळाडूने २०१९ मध्ये ‘तेनहो’ या जपानी संकेतस्थळावर दहावा दान गाठला, तो नशिबाच्या बळावर नव्हे. गंमत अशी, की ‘तेनहो’ हे नावही एका त्सुमोचेच आहे. ओयाचा हात पहिल्याच ओढीला पूर्ण जुळलेला निघणे, ही सुमारे ३ लाख ३० हजारांत एकदा घडणारी गोष्ट.

आपली सोंगटी आवरून धरता येते, दुसऱ्याची ओढ मात्र रोखता येत नाही. तिच्यावर उपाय एकच, तो म्हणजे त्याच्या आधी आपला हात पूर्ण करणे. म्हणूनच निष्णात खेळाडू सतत माघार घेत नाही. माघारीचीही किंमत असते आणि ती दर त्सुमोला मोजावी लागते, हे त्याला ठाऊक असते.