खर्जाचा ताबा

बास गिटारची सर्वांत जाड तार मोकळी छेडली की सेकंदाला सुमारे ४१ कंपने होतात. उरलेल्या तिन्हींची ५५, ७३ आणि ९८. साध्या गिटारच्या खालच्या चार तारांपेक्षा हे सूर एक सप्तक खाली आहेत. लांबी आणि ताण तेवढाच ठेवून सूर सप्तकभर उतरवायचा, तर तारेचे वजन चौपट करावे लागते. म्हणून या तारांवर धातूचे वेढे गुंडाळतात आणि त्यांची लांबीही वाढवतात. लिओ फेंडर यांनी १९५१ मध्ये बाजारात आणलेल्या बासमध्ये ती ३४ इंच होती.

वजन वाढवून सूर उतरवण्याची युक्ती नांदेड-लातूरकडच्या सप्ताहात कितीतरी आधीपासून आहे. मृदंगाच्या डाव्या तोंडावर, म्हणजे धुमेवर, वाजवण्यापूर्वी ओली कणीक थापतात आणि वाजवून झाले की खरवडून काढतात. कणीक कमी पडली तर धूम चढी लागते, जास्त झाली तर आवाज दबतो. उजव्या तोंडावरची शाई मात्र कायमची असते आणि तिचे काम याहून नाजूक आहे. सगळीकडे सारख्या जाडीच्या गोल चामड्यातून निघणाऱ्या स्वरांचे प्रमाण १, १.५९, २.१४, २.३० असे वेडेवाकडे असते. त्यामुळे ठराविक स्वर कानाला सापडत नाही. शाईमुळे हेच प्रमाण १, २, ३, ४, ५ च्या अगदी जवळ येते. कोलकात्याहून १९२० मध्ये ‘नेचर’मध्ये हे मांडणाऱ्या निबंधावर दोन नावे होती: चंद्रशेखर व्यंकट रामन आणि शिवकाली कुमार. रामन सर्वांना ठाऊक आहेत; कुमारांचे नाव क्वचितच घेतले जाते, ते घ्यायलाच हवे. आणि चामड्याची नऊ प्रकारची कंपने केवळ कानाच्या भरवशावर पाच स्वरांत बसवणारे अनाम कारागीर? त्यांचे काम विज्ञानाच्या कोणत्याही इतिहासात मानाने नोंदवावे असे आहे.

साथीत लय खालच्या सुराकडेच का असते, याचा माग कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठाच्या २०१४ मधील प्रयोगाने घेतला. दोन सूर एकत्र वाजत असताना मधूनच एक ५० सहस्रांश सेकंद लवकर वाजवला जाई. खालचा सूर घाईने आला की मेंदूची प्रतिक्रिया अधिक ठळक उमटे, आणि ठेका धरणारी बोटेही त्याच्यामागे अधिक ओढली जात. बासच बँडचा खरा धनी, असा गाजावाजा मग झाला. तो जपून घ्यावा. प्रयोगातला खालचा सूर १९६ कंपनांचा होता, म्हणजे बासच्या सर्वांत बारीक मोकळ्या तारेच्याही एक सप्तक वर. सिद्ध झाले ते एवढेच की दोन सुरांतला तुलनेने खालचा सूर काळाचा हिशेब ठेवतो. टाळांच्या खणखणाटाखाली धूम जे करते, ते याच्याशी जुळते.

हा हिशेब प्रत्यक्षात ठेवतात ते वाजवणाऱ्याचे हात. काही वर्षांनी वाद्याकडे परतणाऱ्याच्या बोटांचे घट्टे गेलेले असतात, पण हाताची सवय सहसा पुसली जात नाही. ब्रेंडा मिल्नर यांनी १९५० च्या दशकात अभ्यासलेल्या ‘एच. एम.’ या रुग्णाला कालचा सराव आठवतही नसे, तरी आरशात पाहून रेघ काढण्यात त्याचा हात दिवसागणिक सुधारत गेला. हालचालींची स्मृती वेगळ्या वाटेने साठते.

इतरांबरोबर वाजवणे मात्र नुसत्या हातावर भागत नाही. घरच्या लयमापकाची लय हलत नाही, माणसांची हलते. शिवाय आवाजाला सेकंदाला सुमारे ३४० मीटरच जाता येते. स्टॅनफर्डमधील ख्रिस चेफ आणि सहकाऱ्यांनी दोघांना वेगळ्या खोल्यांत बसवून, एकमेकांचा आवाज मुद्दाम उशिरा पोचवत, टाळ्या वाजवायला लावल्या. उशीर सुमारे ११ सहस्रांश सेकंदांहून वाढला की लय रेंगाळू लागे. त्याहून कमी असला तर उलट पळू लागे. हा उशीर म्हणजे जेमतेम चार मीटर अंतर. दिंडीतल्या टाळकऱ्यांची रांग त्याहून लांब असू शकते. दहा मीटर मागे चालणाऱ्याला मृदंग सुमारे २९ सहस्रांश सेकंद उशिरा ऐकू येतो; मृदंग्याचा हात नजरेत असेल तर हा फरक बराच भरून निघतो. बास वाजवणाऱ्यानेही त्यासाठीच ढोलकी किंवा ड्रमच्या शेजारी, वादकाचे हात दिसतील असे उभे राहावे.