'आर्य' म्हणजे नक्की कोण?

बेंगळुरूच्या मल्लेश्वरम भागातल्या एका दर्शिनीत (उभ्याने खायच्या उपाहारगृहात) कॉफी पिताना ऑफिसमधला कन्नड मित्र म्हणाला, "तुम्ही मराठी लोक आर्य, आम्ही द्रविड!" म्हणून ही पोस्ट.

ऋग्वेदाचे कर्ते स्वतःला आर्य म्हणवत. इराणचा सम्राट पहिला दरायसही शिलालेखात स्वतःला आर्य म्हणवतो. 'इराण' हे नावही त्याच शब्दातून आलं. बुद्धाच्या 'आर्यसत्यां'त अर्थ आहे श्रेष्ठ.

१९व्या शतकात युरोपात हे नाव आधी भाषाकुळाला दिलं गेलं. पुढे फ्रेंच लेखक गोबिनोसारख्यांनी ते वंशाला चिकटवलं. आर्य ही संज्ञा भाषेची आहे, रक्ताची नाही, असं भाषाशास्त्रज्ञ मॅक्स म्युलरने १८८८मध्ये बजावलं. तरीही १९३३मध्ये नाझींनी 'आर्येतर' ठरवून ज्यूंना सरकारी नोकऱ्यांतून काढलं. पुढचा नरसंहार आपल्याला माहीत आहे.

आपल्याकडे फुल्यांनी 'गुलामगिरी'त (१८७३) आर्यांना बाहेरून आलेले आक्रमक मानलं. टिळकांनी १९०३मध्ये त्यांचं मूळस्थान उत्तर ध्रुवाजवळ शोधलं. बाबासाहेबांनी १९४६मध्ये आर्य वंशाची कल्पनाच खोडून काढली.

मराठी इंडो-आर्य, कन्नड द्राविडी; पण ही वर्गवारी भाषांची, माणसांची नव्हे. आपल्या घरातले अण्णा आणि अक्का तर कन्नडमधूनच आले!