टपालवाल्यांचं राजघराणं

कोंबड्याच्या तुऱ्यासारखे उभे, रंगवलेले केस, रात्रभर पार्ट्या आणि टोपणनाव ‘प्रिन्सेस टीएनटी’! ऐंशीच्या दशकात ग्लोरिया फॉन थुर्न उंट टाक्सिस म्हणजे गॉसिप कॉलमवाल्यांची हक्काची बातमी. पण तिच्या सासरचा पिढीजात धंदा ठाऊक आहे? टपाल!

घराणं मूळचं इटलीतल्या बेर्गामोजवळचं. १४९० मध्ये फ्रान्झ फॉन टाक्सिसने हाब्सबुर्गांसाठी टपालसेवा उभारली. ठरलेल्या अंतरावर नवा घोडा, नवा स्वार. थैली मात्र थांबायची नाही. १५०५ च्या करारात ब्रुसेल्स ते इन्सब्रुकसाठी उन्हाळ्यात साडेपाच दिवस लिहिलेत. आमचं कुरिअर आठवून हसूच आलं! अखेर १८६७ मध्ये प्रशियाने तीस लाख थेलर देऊन हा धंदा ताब्यात घेतला.

डिसेंबर १९९० मध्ये ग्लोरियाचा नवरा योहानेस गेला. मागे तीन मुलं आणि सुमारे पन्नास कोटी डॉलरचं कर्ज. वारस आल्बर्ट सात वर्षांचा, ती स्वतः तिशीची. पार्टीगर्लचं आता कसं होणार, असंच सगळ्यांना वाटलं. बाईंनी चक्क हिशेब शिकून घेतले. नोकरचाकर, गाड्या कमी केल्या, दागिने विकले, १९९३ मध्ये घरातल्या चीजवस्तूंचा सोदबीजकडून लिलाव करवला. रेगेन्सबुर्गचा राजवाडा मात्र राखला. त्याचा काही भाग तिकीट काढून बघता येतो.