घाना : सहा महिन्यांची रेघ

पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचा घाना हा देश आपल्याला ठाऊक असतो तो कोको आणि सोन्यासाठी. ६ मार्च १९५७ रोजी तो ब्रिटिशांच्या सत्तेतून मुक्त झाला. तोवर त्याचे नाव ‘गोल्ड कोस्ट’ असे होते. तेथील कामगार चळवळ स्वातंत्र्याहून जुनी आहे. १९५० च्या जानेवारीत तत्काळ स्वराज्याच्या मागणीसाठी जो सार्वत्रिक संप झाला, त्यात कामगार संघटना आघाडीवर होत्या. पुढे १९६१ साली, क्वामे एन्क्रुमा यांच्या स्वदेशी राजवटीतही सेकोंडी-ताकोराडीच्या रेल्वे आणि बंदर कामगारांनी संप केला. अशा देशात कामगार कायदा कसा आहे आणि तो कोणाच्या उपयोगी पडतो, हे पाहण्यासारखे आहे.

पूर्वी विखुरलेले नियम एकत्र करून २००३ साली तेथे नवा कामगार कायदा करण्यात आला. दिवसाला आठ आणि आठवड्याला चाळीस तास, ही कामाची मर्यादा. वर्षाला किमान पंधरा कामाच्या दिवसांची भरपगारी रजा. ही रजा सोडून देण्याचा करार मालकाने लिहून घेतला, तरी तो रद्दबातल. बाळंतपणासाठी किमान बारा आठवड्यांची भरपगारी रजा, आणि मूल वर्षाचे होईपर्यंत त्याला पाजण्यासाठी कामाच्या वेळातला रोज एक तास. किमान रोजंदारी ठरवते ती सरकार, मालक आणि कामगार यांची त्रिपक्षीय समिती. २०२५ सालासाठी हा दर दिवसाला १९.९७ सेडी होता. सेडी हे तेथील चलन.

कामावरून काढण्यालाही नियम आहेत. नोकरी तीन वर्षांची किंवा त्याहून जास्त असेल तर एक महिन्याची नोटीस, कमी असेल तर दोन आठवड्यांची. संघटनेत गेला म्हणून किंवा गरोदर आहे म्हणून कोणाला काढता येत नाही. काढण्याचे कारण रास्त होते, हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर असते. अन्याय झाला असे वाटले तर राष्ट्रीय कामगार आयोगाकडे दाद मागता येते. आयोग त्या माणसाला पुन्हा कामावर घेण्याचा किंवा भरपाई देण्याचा आदेश देऊ शकतो.

हे सगळे वाचून कायदा चांगला वाटतो, आणि तो आहेही. पण यातले किती आपल्या वाट्याला येणार, हे कामगाराची गणना कशात होते यावर ठरते. कायद्याने कायम कामगारांखेरीज आणखी दोन प्रकार मानले आहेत. हंगामी किंवा अधूनमधून निघणाऱ्या कामावर रोजाच्या हिशेबाने लावलेला तो रोजंदार. त्याच्याशी लेखी करार करण्याची सक्ती नाही. दुसरा तात्पुरता कामगार : महिनाभर किंवा अधिक काळ सलग कामावर असलेला, पण कायम नसलेला. हा तात्पुरता कामगार एकाच मालकाकडे सलग सहा महिने राहिला, की त्याला कायम कामगारासारखेच वागवावे लागते. सहा महिन्यांची ही रेघ फार महत्त्वाची आहे.

समजा, तेमा बंदराजवळच्या एका कारखान्यात एक तरुण जानेवारीत लागला. जूनच्या मध्यावर त्याला सांगितले, ‘आता थांब, पुढच्या महिन्यात ये.’ जुलैत तो पुन्हा आला, त्याच यंत्रावर उभा राहिला. त्याच्या लेखी काम तेच. मालकाच्या कागदावर मात्र नोकरी नव्याने सुरू झाली. ‘सलग’ या एका शब्दापाशी पळवाट निघते. वर्षानुवर्षे कामगारांना तात्पुरतेच ठेवले जाते, ही तेथील कामगार संघटनांची जुनी तक्रार आहे. काही ठिकाणी माणसे पुरवणारी एजन्सी मध्ये असते. मग आपला मालक नेमका कोण, हाच प्रश्न पडतो.

कायदा करणाऱ्यांना याची कल्पना नव्हती असे नाही. सहा महिन्यांची नोकरी सलग नसली, तरी वर्षभरातले कामाचे दिवस मिळून तेवढे भरत असतील, तर लेखी करार केला पाहिजे, असे कलम त्यात आहे. रोजंदारालाही समान कामाला समान वेतन आहे. पावसामुळे काम बंद राहिले, तरी जो हजर झाला त्याला त्या दिवसाची किमान मजुरी द्यावी लागते. पण दिवस मोजायचे तर हजेरीची नोंद हवी, आणि ती मालकाच्या वहीत असते.

या रेघेच्या पलीकडे आणखी मोठा समाज आहे. घानातले बहुसंख्य लोक असंघटित क्षेत्रात राबतात : कोकोच्या बागांत, बाजारात, ‘त्रोत्रो’ नावाच्या खासगी प्रवासी गाड्यांवर. अक्राच्या बाजारांत उत्तरेकडून आलेल्या मुली आणि बायका डोक्यावरून ओझी वाहतात. त्यांना ‘कायायेई’ म्हणतात. दर खेपेला गिऱ्हाईक वेगळे. मग नोटीस कोणी द्यायची आणि रजा कोणाकडे मागायची? घरकामगारांना तर २००३ च्या कायद्यानेच कामाच्या तासांच्या आणि विश्रांतीच्या कलमांतून वगळले होते. त्यांच्यासाठी स्वतंत्र नियमावली आली ती २०२० साली. तिने लेखी कराराची अट घातली.

अशा वेळी कामगाराने काय करावे? त्याच कायद्यात एक साधी तरतूद आहे. कामावर लागल्यापासून दोन महिन्यांच्या आत कामाच्या मुख्य अटींचे लेखी निवेदन मालकाने द्यायचे असते. आपण कधी लागलो, पगार किती, तास किती, हे त्यात असते. आयोगापुढे उभे राहण्याची वेळ आली, तर बोलतो तो हा कागद. तो मागून घेणे हा हक्क आहे. पण दारात दहा जण काम मागत उभे असताना तो मागायला धीर लागतो. एकट्याला तो होत नाही, म्हणून संघटना लागते. घानाच्या कामगारांनी हे १९५० पूर्वीच ओळखले होते. रोजंदार, घरकामगार आणि ओझी वाहणाऱ्या बायका यांच्यापर्यंत ती संघटना पोचवणे, हे काम अजून बाकी आहे.