कॉम्प्युटरमधलं हृदय

शिंकांवर एक भारी औषध होतं, टर्फेनाडिन. गोळी घेतली की शिंका बंद, वर झोपही यायची नाही. लाखो लोकांनी घेतलं. मग लक्षात आलं, की काही जणांचे हृदयाचे ठोकेच बिघडतायत. काही तर दगावले! शेवटी 1998 मध्ये अमेरिकेच्या बाजारातून ते हद्दपार झालं.

आता शिंकांच्या गोळीला हृदयाशी काय देणंघेणं?

आहे ना! हृदयाच्या पेशीच्या आवरणात इवलीइवली दारं असतात. सोडियम, कॅल्शियम आत येतं, पोटॅशियम बाहेर जातं. या ये-जा करण्यातूनच ठोक्याची वीज तयार होते. पोटॅशियम बाहेर पडलं, की पेशी पुढच्या ठोक्याला मोकळी. टर्फेनाडिन नेमकं पोटॅशियमच्या एका दारात जाऊन अडकायचं. एरवी आपलं यकृत त्याचं रूपच पालटून टाकतं, म्हणून बहुतेकांना काही व्हायचं नाही. पण सोबत एरिथ्रोमायसिनसारखं औषध चालू असलं, की यकृताचा हात अडायचा आणि टर्फेनाडिन रक्तात साठत जायचं. (ते पालटलेलं रूप म्हणजे फेक्सोफेनाडिन. ॲलर्जीवर डॉक्टर आजही देतात ते!)

या दारांची गणितं मांडली तर? 1960 मध्ये लंडनच्या डेनिस नोबल यांनी ती मांडली. तेव्हा ते विद्यार्थी होते, त्यामुळे विद्यापीठाचा मर्क्युरी कॉम्प्युटर त्यांना मिळायचा रात्री दोन ते चार! पण जमलं. कुठलं दार कधी उघडतं, कधी मिटतं याचे आकडे दिले आणि उत्तरात चक्क हृदयाची लय आली.

2017 मध्ये ऑक्सफर्डच्या एलिसा पासिनी आणि सहकाऱ्यांनी अशा हजाराहून जास्त पेशी कॉम्प्युटरमध्ये तयार केल्या. सगळ्या मुद्दाम थोड्या वेगवेगळ्या, कारण माणसं तरी कुठे एकसारखी असतात? त्यांच्यावर 62 औषधं तपासली. कोणतं औषध ठोका बिघडवेल, याचा अंदाज 89 टक्के बरोबर आला. सशांवरच्या चाचण्या 75 टक्क्यांपर्यंतच पोचतात. सशांचा विचार करून मला तर फार बरं वाटलं.

एक गोची मात्र आहे. या पेशींना यकृत नाही! औषध रक्तात किती साठेल, हा आकडा त्यांना आपणच द्यायचा. म्हणून यकृताची गणितं वेगळी मांडावी लागतात.