पाटोद्याची कुस्ती किती मिनिटांची?

२० जानेवारी १९७०. अमेरिका आणि कॅनडातल्या चित्रपटगृहांत लोक श्वास रोखून बसले होते. पडद्यावर मुष्टियुद्धाची तेरावी फेरी सुरू होती. रॉकी मार्सियानोचा ठोसा बसला आणि मोहम्मद अली कोसळला. पंचाने दहा आकडे मोजले, अली उठला नाही.

ही लढत कधी झालीच नव्हती. ४९ लढती खेळून, एकही न हरता मार्सियानो १९५६ साली निवृत्त झाला, तेव्हा अली चौदा वर्षांचा पोरगा होता. आणि पडद्यावर जिंकणारा मार्सियानो त्या रात्री जिवंतही नव्हता. चित्रीकरण उरकल्यावर काही आठवड्यांतच, ३१ ऑगस्ट १९६९ रोजी, विमान अपघातात तो गेला होता.

हा सगळा उद्योग मरे वोरोनर या निर्मात्याचा. दोन काळांतले मुष्टियोद्धे भिडले तर कोण जिंकेल, हा वाद कॉम्प्युटरने कायमचा मिटवावा, असं त्याने १९६७ मध्ये ठरवलं. जाणकारांची मतं आणि जुन्या लढतींच्या नोंदी एनसीआर ३१५ या यंत्रात भरल्या. सोळा हेवीवेट विजेत्यांची स्पर्धा रेडिओवर रंगली. अंतिम लढतीत मार्सियानोने जॅक डेम्प्सीला हरवलं. अली मात्र आधीच बाद झाला होता, तोही १८९९ साली विजेता झालेल्या जिम जेफ्रीजकडून. खवळलेल्या अलीने बदनामीचा दहा लाख डॉलरचा दावा ठोकला. त्या भांडणाच्या तडजोडीतून सिनेमा निघाला. मार्सियानोने वजन उतरवलं, टकलावर टोप चढवला. दोघे मायामीच्या स्टुडिओत एकेका मिनिटाच्या फेऱ्या खेळले. शेवट मात्र एकच नव्हता. रॉकी जिंकतो तसे अली जिंकतो असेही शेवट चित्रित करून ठेवले होते. कोणता दाखवायचा, हे खेळणाऱ्यांनाही माहीत नव्हतं.

मग यंत्राला सापडलं तरी काय? उत्तराचा धागा जेफ्रीजपाशी आहे. नोव्हेंबर १८९९ मध्ये त्याने टॉम शार्कीशी झुंज घेतली ती तब्बल २५ फेऱ्यांची. वोरोनरच्या स्पर्धेत त्याला पंधरा फेऱ्या दिल्या गेल्या. आज विजेतेपदाची लढत बारा फेऱ्यांत संपते. म्हणजे ठोसा मारण्याआधीच एक निकाल लागलेला असतो: घड्याळ कोणाच्या काळाचं लावायचं?

हीच किल्ली बीड जिल्ह्यातल्या पाटोद्याच्या कुस्तीला लावून पाहिली, तर कुलूप खटकन उघडतं. पाटोद्याचा राहुल आवारे. वडील बाळासाहेब स्वतः पैलवान. पुढे राहुल पुण्यात हरिश्चंद्र बिराजदारांच्या हाताखाली घडला. एप्रिल २०१८ मध्ये गोल्ड कोस्टच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्याने सुवर्ण मिळवलं, ५७ किलो वजनगटात. पुढच्याच वर्षी ६१ किलो गटात जागतिक स्पर्धेचं कांस्य.

५७ किलो! कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकीत ऑलिंपिक कांस्य जिंकले, तेही याच वजनात, याच फ्रीस्टाइल प्रकारात. दोघांच्या मध्ये ६६ वर्षं, पण काट्यावर वजन एकच. काळ ओलांडून लावायची कुस्ती याहून बरोबरीची कुठली?

आता घड्याळ लावा. खाशाबांच्या वेळी मॅटवरची कुस्ती पंधरा मिनिटं चाले. चितपट झाली नाही तर तीन पंच कौल देत. चितपट करून जिंकलात तर दोषगुण शून्य. नुसत्या कौलावर जिंकलात तर जिंकूनही एक दोषगुण अंगावर. पाच साचले की मल्ल बाहेर. म्हणजे नियमच सांगत होता, पाठ लाव. पाठीवर आपटणारा ढाक हा खाशाबांचा हातखंडा डाव, त्यांना हे मानवणारच.

राहुलचं घड्याळ वेगळं. तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या. प्रत्येक यशस्वी डावाला गुण, दहा गुणांची आघाडी झाली की कुस्ती संपली. गोल्ड कोस्टला उपांत्य फेरीत त्याने पाकिस्तानच्या मोहम्मद बिलालला १२-८ ने आणि अंतिम फेरीत कॅनडाच्या स्टीव्हन ताकाहाशीला १५-७ ने हरवलं. गुण देत-घेत, क्षणाक्षणाला हिशेब पुढे ठेवणारी ही कुस्ती.

खाशाबांचं रौप्य-सुवर्ण हुकलं त्यातही घड्याळ आहेच. जपानच्या शोहाची इशीईशी दमवणारी झुंज हरल्यावर त्यांना लगेच सोव्हिएत संघाच्या रशीद मम्मदबेयोव्हशी उतरवण्यात आलं. दोन कुस्त्यांमध्ये अर्ध्या तासाची विश्रांती नियमानेच होती, पण ती मागायला भारताचा कोणी अधिकारी तिथे नव्हता. हा अर्धा तास वोरोनरच्या यंत्रात कुठल्या रकान्यात भरणार?

तेव्हा माझा कौल असा. सहा मिनिटं आणि गुणफलक असेल तर राहुल. पंधरा मिनिटं आणि दोषगुण असतील तर खाशाबा. तांबड्या मातीत निकाली, वेळेचं बंधन नाही, तर पुन्हा खाशाबाच. कारण १९४८ च्या लंडन ऑलिंपिकपर्यंत मॅट त्यांना परका होता, त्यांची सगळी ताकद मातीतच मुरलेली. पाटोदेकरांना हा तिसरा कौल रुचणार नाही, त्यांचाही पैलवान मातीतूनच आलेला आहे. त्यांनी जरूर भांडावं. फक्त भांडण सुरू करण्याआधी कुस्ती किती मिनिटांची, ते ठरवून घ्यावं.